दवाखान्यातलं दळण

डॉक्टरांनी ड्रिल अजून हातातही घेतलं नव्हतं, तेवढ्यात त्याचा आवाज सुरू झाला.

खुर्चीत एक शिंपी तोंड वासून पडला होता. डॉक्टरांनी आत नुसता छोटा आरसा घातला होता. शिंप्याने आधी आरशाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि मग आरशासकट तोंड मिटून घेतलं. आवाज बारीक होत होत चिरका झाला, एकदम थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"काही नाही, वर कॉफी दळतायत," डॉक्टर म्हणाले.

शिंप्याने समजूतदारपणे मान हलवली. ‘काका फक्त बघणार आहेत हं’ असं सांगून आपण मुलांना इथे आणतो, हे त्याला आठवलं असावं. आरसा सोडवून घ्यायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. तो सुटतोय तोवर काउंटरवरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहेर तिघं बसले होते, त्यातल्या दोघांना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांच्या घरी गॅसच नव्हता, पण तेही गेले होते.

दवाखाना खाली आणि घर वर, अशी सोय डॉक्टरांनी बावीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने करून घेतली होती. स्वयंपाकघराचा ओटा बरोबर वेटिंग रूमच्या डोक्यावर होता आणि दोन्हींच्या मधून हवेसाठी ठेवलेला एक झरोका गेला होता. इतकी वर्षं त्यातून फोडणीच्या वासाशिवाय काही खाली आलं नव्हतं. डॉक्टरांचा हात हलका होता. त्यांच्या खुर्चीत माणसं पेंगतात, अशी त्यांची ख्याती होती आणि त्यांना ती फार प्रिय होती. स्वतः डॉक्टर मात्र गेली दोन वर्षं डाव्या बाजूनेच जेवत होते. उजवीकडची दाढ एकदा वर्गमित्राला दाखवायची होती, पण वेळ मिळत नव्हता, असं ते सांगत.

वर कॉफी दळत होते ते डॉक्टरांचे सासरे. नोकरीत असताना ते वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते आणि त्यांना लांबून पाहिलं तरी बाजारातले तराजू आपोआप सरळ होत, असं म्हणत. आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ते मुलीकडे राहायला आले. तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून असत. हातात पेपर असे, पण पान उलटत नसे. जेवायला हाक मारली की येत, पुढे येईल ते खात, मीठ कमी आहे की जास्त हेसुद्धा सांगत नसत. सगळ्या जन्मात ज्यांनी प्रत्येक गोष्ट मापून पाहिली, त्यांनी मिठाबद्दल काही बोलू नये, याची त्यांच्या मुलीला धास्ती वाटे.

मग मेहुण्याने कॉफी पाठवली. पुड्यात पूड असेल म्हणून पाहिलं तर निघाल्या अख्ख्या बिया. मिक्सरमधून काढल्यावर अर्ध्यांचा धुरळा झाला आणि अर्ध्या जशाच्या तशा राहिल्या. सासरे खिडकीपासून उठून आले, चिमूटभर पूड तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हे बरोबर नाही."

आठ महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं मत होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी कागदावर रेघा मारून तक्ता केला. पात्यांचा ग्राइंडर बी नुसती तोडतो, दोन चाकांचा जात्यासारखा दळतो आणि कण एकसारखा हवा तर चाकांचाच हवा, या निष्कर्षाला ते चार दुकानं आणि एका विक्रेत्याचा पूर्ण दिवस खर्ची घालून आले. जो ग्राइंडर घरी आला, त्याला बारीक-जाड करायचे तीस आकडे होते. सासरे छोट्या काट्यावर अठरा ग्रॅम बिया मोजत, थोड्या दळत, पूड पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून बघत, आकडा बदलत आणि पुन्हा दळत. एका कपाला तीन वेळा तरी ग्राइंडर फिरे. झाल्यावर ते स्वतःशीच "हं, आता ठीक" म्हणत, आणि तेही झरोक्यातून खाली स्पष्ट ऐकू येई.

शिंप्याने आरसा धरून ठेवला त्याच दिवशी दुपारी डॉक्टर जेवायला वर आले. सासऱ्यांनी त्यांच्यापुढे कप ठेवला आणि आज सतरावा आकडा लावल्याचं सांगितलं. कॉफी खरोखरच सुरेख होती. सासरे आत गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "आठ महिन्यांनी बाबांनी स्वतःहून काहीतरी मागितलंय. तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"मी कुठे काही बोललो?"

"चेहऱ्याने बोलतोयस. तेही करायचं नाही."

आता चेहराही न करता दवाखाना वाचवायचा होता. डॉक्टरांनी वेटिंग रूममध्ये गाणी लावली. त्यावर एका आजोबांनी शेजारच्यांना समजावून सांगितलं की, आतलं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून ही युक्ती असते. मग काउंटरवरच्या बाईंनी एक सुबक पाटी लिहून लावली, ‘वरून येणारा आवाज कॉफीचा आहे’. लोकांनी ती वाचली आणि मग खालून येणारा कशाचा, असं विचारलं. दुसऱ्या आठवड्यात तर एक शाळकरी मुलगी आईला घेऊन आली, पाटी वाचली आणि आईला घेऊन परत गेली.

तेव्हा डॉक्टरांना वाटलं की लोकांना पुरावाच द्यावा. वरून एक कप मागवून त्यांनी तो एका बाईंच्या हातात दिला. बाईंना नुकतंच बधिरतेचं इंजेक्शन दिलेलं आहे, हे मात्र ते घाईत विसरले. कप ओठाला लागलाय की हनुवटीला, हे बाईंना कळेना. संध्याकाळी सासऱ्यांनी दबकत विचारलं, "पेशंटना आवडली का हो?"

त्यांच्या डोळ्यांत इतकी उत्सुकता होती की डॉक्टरांचं मन विरघळलं. बाईंनी कप शेवटपर्यंत खाली ठेवला नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सासरे सहा कप पाठवू लागले. एकदम दळून ठेवायला ते तयार नव्हते, कारण दळलेली कॉफी पंधरा मिनिटांत जीव सोडते असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. सहा कप आणि प्रत्येकाला तीन वेळा, म्हणजे अठरा वेळा ग्राइंडर फिरू लागला. डॉक्टरांच्या खुर्चीत आता कोणी पेंगत नसे. खरं तर खुर्चीत कोणी नसेच.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सासऱ्यांना वाटलं, लोक कॉफी पिताना कसे दिसतात ते एकदा डोळ्यांनी बघावं. एक कप घेऊन ते स्वतः खाली आले आणि वेटिंग रूममध्ये बसले. दुसरा कप दळायला मुलीला सांगून आले होते. मुलीने बटण दाबलं.

सासऱ्यांनी आपला ग्राइंडर पहिल्यांदाच खालून ऐकला. समोरच्या बाईंनी पर्स छातीशी धरली. एक बसड्रायव्हर होता, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड. तो उठून उभा राहिला आणि गाडी नीट लावली का ते बघून येतो म्हणाला. सासऱ्यांनी झरोक्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्च्या एकेक करून मोजल्या.

"किती दिवस?" त्यांनी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

काही सांगायचं नाही, असं बाईंना बजावलेलं होतं. पण त्या नजरेपुढे भलेभले व्यापारी टिकले नव्हते. "तीन आठवडे," बाई म्हणाल्या.

दुपारी डॉक्टर वर आले तेव्हा ग्राइंडर खोक्यात गेला होता. खोक्याला चिकटपट्टी होती आणि वॉरंटीचा कागदही नीट घडी करून आत ठेवलेला होता. कॉफीने ॲसिडिटी होते, एवढंच सासरे म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. पेपर हातात होता. पान उलटलं नाही.

"मी खरंच काही बोललो नाही," डॉक्टर बायकोला म्हणाले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. ती भांडली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

आठवडाभरात पेशंट परतले. बसड्रायव्हरची गाडीही नीट लागली. सगळं हवं तसं झालं आणि डॉक्टरांना कशातच गोडी वाटेना. अकरा वाजून गेले की त्यांचा कान झरोक्याकडे लागे. पेशंटला ‘तोंड उघडा’ सांगून ते स्वतःच वर बघत बसत. आपल्या खुर्चीत लोक शांत झोपावेत म्हणून वर एक माणूस पुन्हा गप्प झाला आहे, हे त्यांना आतून खात होतं.

शेवटी एका दुपारी ते दुकानात गेले आणि हाताने फिरवायचे सगळे ग्राइंडर काढायला लावले. प्रत्येकात मूठभर बिया टाकून, तो कानाशी धरून, डोळे मिटून ते फिरवू लागले.

"हा नको," ते पहिल्याबद्दल म्हणाले. "ही खालची दाढ आहे."

दुसरा त्यांना सुळ्यासारखा वाटला आणि तिसरा ऐकून त्यांनी स्वतःचाच गाल धरला. विक्रेता एव्हाना काउंटरपासून दोन पावलं मागे सरकला होता. चौथा फिरवल्यावर मात्र डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. शेजारच्या खोलीत कोणी तांदूळ निवडत बसावं, तेवढाच त्याचा आवाज होता.

घरी येऊन त्यांनी तो सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. भेट म्हणून दिला असता तर सासऱ्यांनी हात लावला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. "बाबा, दुकानदार म्हणतो हा एकसारखं दळतो. मला काही खात्री वाटत नाही. जरा तपासता का?"

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. तपासणीला नाही म्हणणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी अठरा ग्रॅम मोजले, दळायला घेतले आणि निम्म्यावर त्यांचा खांदा भरून आला.

दुसऱ्या दिवशी ते ग्राइंडर, काटा आणि भिंग घेऊन वेटिंग रूममध्ये येऊन बसले. खाली उजेड चांगला आहे म्हणाले. खांदा दुखायला लागल्यावर ते जरा थांबले, तसा बसड्रायव्हर म्हणाला, "द्या काका इकडे." त्याच्याकडून ग्राइंडर शिंप्याकडे गेला, शिंप्याकडून पर्सवाल्या बाईंकडे. बाईंनी पर्स बाजूला ठेवली. त्या दांडा फिरवत असतानाच आतलं खरं ड्रिल चालू झालं, आणि कोणी मानसुद्धा वर केली नाही. सासरे भिंगातून पूड पाहत होते आणि शिंप्याचा हात सगळ्यात सारखा चालतो, असा निर्वाळा देत होते. जेवताना त्यांनी मुलीला आमटीत मीठ किंचित जास्त असल्याचं सांगितलं. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पंधरा दिवसांत वेटिंग रूममध्ये बसायला जागा उरली नाही. अडचण एवढीच होती की आत कोणी येईना.

"पुढचे," डॉक्टरांनी हाक मारली.

"एवढं होऊ द्या, डॉक्टर," ड्रायव्हर बाहेरूनच म्हणाला. "माझ्या हातात आत्ताच आलंय."

डॉक्टर थोडा वेळ स्वतःच्याच खुर्चीत पडून राहिले. मग ते बाहेर आले. आपल्या दवाखान्यात आपल्यालाच कोणी विचारत नाही, याचा त्यांना जरासा राग आला होता. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी डब्यातली एक बी उचलून तोंडात टाकली आणि रागाच्या भरात ती उजवीकडे चावली.

‘कट्’ असा आवाज झाला आणि ग्राइंडर थांबला. सहा पेशंट डॉक्टरांकडे बघू लागले. दाढदुखीच्या बाबतीत ती सगळी अनुभवी माणसं होती.

"बसा," ड्रायव्हरने उठून आपली खुर्ची दिली.

"काही नाही, काही नाही," डॉक्टर गाल धरून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"उजवीकडची ना?" सासरे शांतपणे म्हणाले. "आलो तेव्हापासून बघतोय, डावीकडूनच जेवता. चला, मी येतो बरोबर."

वर्गमित्राचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. वेटिंग रूम स्वच्छ होती, खुर्च्या मऊ होत्या. डॉक्टर बसतात न बसतात तोच आतून ड्रिलचा आवाज आला. ते ड्रिल कोणतं, किती वेगाने फिरतंय, कोणत्या दातावर चाललंय, हे सगळं डॉक्टरांना इथे बसून सांगता आलं असतं. पण त्याने धीर काही येईना. ते उठून उभे राहिले.

"बाबा, मला वाटतं घरी गॅस चालू राहिलाय."

सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. त्यांनी पिशवीत हात घालून ग्राइंडर काढला, दांडा बसवला आणि तो जावयाच्या हातात दिला.

"अठरा ग्रॅम आहेत," ते म्हणाले. "दळा."

डॉक्टर खाली बसले. पहिले काही फेरे अडखळत गेले, मग हाताला लय सापडली. तांदूळ निवडल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला आणि त्यामागे दुसरा आवाज कधी बंद झाला, ते त्यांना कळलंही नाही. दार उघडून वर्गमित्र बाहेर आला आणि त्याने हसून हाक मारली, "चल, ये आत."

"एवढं होऊ दे," डॉक्टर म्हणाले आणि मान खाली घालून फिरवत राहिले.