रिसबूडकाकांची उपासाची वीट

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतला सगळ्यांत कडवा नास्तिक म्हणजे आमचे शेजारी रिसबूडकाका, आणि देवळातल्या गुरुजींना सगळ्यांत जास्त फोन करणारा भाविकही तेच. "गुरुजी, क्रॅनबेरी उपासाला चालते का?" "गुरुजी, मेपल सिरप म्हणजे झाडाचा चीक. चीक चालतो का?" हल्ली काकांचा नंबर दिसला की गुरुजी 'हॅलो' म्हणत नाहीत. 'चालतं' म्हणतात आणि फोन ठेवतात. एवढ्याने काकांचं समाधान होत असतं तर काय हवं होतं! मागोमाग मेसेज जातो : "आधार काय?"

मग आधार ते स्वतःच शोधतात आणि कुंपणावरून मला ऐकवतात. "अरे, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिकेचं! ऋषींनी यातलं एक तरी बघितलं होतं का? उपासाचं अर्धं ताट इथलं आहे. तू अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत, शेंगदाणा जन्मापासून सिटिझन!" माझ्या जखमेवर मीठ, तेही सैंधव.

काकांनी उभी हयात पूल बांधण्यात घालवली. रिटायर झाले तसे पूल संपले, पण डोक्यातला इंजिनियर काही रिटायर होईना. त्यात त्यांची बायपास झाली आणि उषाकाकूंनी त्यांच्यासाठी सोमवार धरले.

"काम केलं सर्जनने आणि क्रेडिट शंकराला!" काका ओरडायचे.

"सर्जनचा हात कोणी धरला होता?" काकू शांतपणे विचारायच्या. वाद तिथेच आटपायचा. काकांना उत्तर सुचायचं, पण मंगळवारी.

काकूंचा सोमवार म्हणजे पाणी आणि बिनदुधाचा चहा. एका सोमवारी त्या लायब्ररीत मुलांना गोष्ट वाचून दाखवत होत्या. वाचता वाचता चक्कर येऊन खाली कोसळल्या. मुलांना वाटलं, गोष्टीतलाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काका त्यांना घरी घेऊन आले, आणि तासभर काकांचा आवाज आमच्या घरी ऐकू आला नाही. एवढी शांतता आमच्या गल्लीत फक्त बर्फाच्या वादळात असते.

शेवटी तह झाला. उपासाला चालेल असं पोटभरीचं काही काकांनी करून दिलं, तर काकू खातील. "पण भलतं काही पोटात गेलं, तर दुसऱ्या सोमवारपासून पुन्हा पाण्यावर," अशी काकूंची अट होती.

आता हा पदार्थ म्हणजे काही पूल नव्हे. भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याच्या लाह्या, चमचाभर तूप, चिमूटभर सैंधव. मळा, ट्रेमध्ये थापा, फ्रीजमध्ये ठेवा, वड्या कापा. माझी बायको हे फोनवर आईशी बोलता बोलता करते. काकांना अख्खा हिवाळा लागला, आणि स्वयंपाकघर अपुरं पडतं म्हणून गॅरेज लागलं. ट्रे दाबायला ते गाडीचा जॅक वापरायचे.

"लोड घेतला पाहिजे!" हा त्यांचा मंत्र. "सकाळी खाल्ली की संध्याकाळपर्यंत माणूस उभा राहिला पाहिजे. लोड घेतला पाहिजे!"

पहिली वडी त्यांनी टेस्टिंगसाठी डेकवरून खाली टाकली. ड्राइव्हवेला तडा गेला. दुसरी एका खारीने पळवली. ती खार हल्ली फक्त मऊ फळं खाते. तिसरी चुकून रस्त्यावर राहिली, तर बर्फ काढणारा ट्रक तिला वळसा घालून गेला. तेव्हापासून सगळी गल्ली तिला 'वीट' म्हणते. एक वीट मी ऑफिसच्या मीटिंगआधी तोंडात टाकली. जबडा जो चिकटला तो मीटिंग संपेपर्यंत. मॅनेजरने जाताना पाठ थोपटली : आज पहिल्यांदाच तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस.

"काका, तुम्ही स्वतः कधी उपास केलाय का?" मी एकदा विचारलं.

"मी? माझं फक्त हार्ट बिघडलं होतं. डोकं शाबूत आहे."

श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी मी त्यांची शिडी परत करायला गेलो. काकू दिवाणखान्यात वाती वळत बसल्या होत्या. टवटवीत दिसत होत्या. काकांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "नवीन व्हर्जन. या वेळी लाह्या मिक्सरमधून काढल्या. आता दात शाबूत राहतात. आणि प्रोटीन बघ किती, वाच!" असं म्हणून त्यांनी लाह्यांचं पाकीट माझ्या नाकाशी धरलं. हेल्थ स्टोअरमधलं पाकीट. वर ढळढळीत राजगिरा. मी प्रोटीन शोधत खाली गेलो, तर तिथे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ज्वारी.

"काका, यात ज्वारीच्या पण लाह्या आहेत."

काकांनी पाकीट ओढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं. ज्वारी काही हलली नाही.

"सकाळी खाल्ली तिने," ते म्हणाले. "अख्खी."

"मग गप्प बसा ना!" मी कुजबुजलो. "काकूंना काय कळतंय? सांगितलंत तर पुन्हा पाण्यावर राहतील. आणि तुमचा कुठे विश्वास आहे?"

"माझा नाही रे," काका म्हणाले. "तिचा आहे ना."

आणि पाकीट घेऊन बाहेर गेले. मीही मागून गेलो. असा तमाशा कोण सोडतो?

"उषा, घोटाळा झाला. ज्वारी होती यात. माझी चूक. मी नीट वाचलं नाही."

काकूंची वात अर्धी वळायची राहिली. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुम्ही पण हीच खाल्लीत?"

"हो. तेवढीच."

"आणि दुपारी काय जेवलात?"

"काही नाही."

"का?"

"टेस्टिंग," काका भिंतीवरच्या घड्याळाशी बोलल्यासारखे म्हणाले. "पोट भरलेलं असताना वीट किती टिकते ते कसं कळणार? तुला दुपारी चार वाजता कसं वाटत असेल ते... रीडिंग घ्यावं लागतं."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. व्हर्जन बदलतं ना."

मला वाटलं, आता पाण्याचा निकाल लागणार. काकूंनी वाती तबकात ठेवल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"म्हणजे आज दोघांचाही मोडला," त्या म्हणाल्या. "चला, कुकर लावते. आणि पुढच्या सोमवारी पाकीट मी वाचणार."

'दोघांचाही' या शब्दावर काका आता भडकणार म्हणून मी सरसावून उभा राहिलो. म्हणणार, मी कुठे उपास करतो, मी नास्तिक, सायन्स, आधार काय! पण काका निमूटपणे काकूंच्या मागोमाग आत गेले आणि नळाखाली तांदूळ धुवायला लागले.