येळवशीच्या फेरीतला सहावा

येळवशीची फेरी निघाली तेव्हा माणसं पाच होती, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. पुढे आंबिलीचं मडकं घेतलेले बबनराव, त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन थोरला मुलगा अजिनाथ, मग सून मंगल, मग नववीतली नात करिष्मा आणि शेवटी बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांची टोपली काखेत धरलेल्या सरस्वतीबाई.

केजच्या बाजूला वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, गावात कुलपं आणि रानात माणसं असतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी-आंबिलीवर आडवा हात मारायचा आणि दिवस कलला की पिकाभोवती फेरी घालायची. पुढच्याने आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' म्हणायचं, मागच्यांनी 'सालम पोलगे' म्हणून साथ द्यायची. याचा अर्थ काय, हे गावात कोणाला विचारू नये. विचारणारा पुण्याहून आलाय असं समजतात. बबनरावांच्या घराण्याने त्यात आपली दोन कलमं घातली होती. फेरीत दुसरं काही बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. बघितलं की फेरी मोडली, पुन्हा कोपीपासून सुरुवात. एका वर्षी अजिनाथला पोटरीला मुंगळा डसला आणि त्याने मागे बघितलं, तर सगळ्या घराला सहा एकरांचा वळसा दोनदा पडला होता.

यंदा फेरीला उशीर झाला तो सरस्वतीबाईंमुळे. आधी त्यांना टोपली सापडेना, मग टोपलीवरचं फडकं सापडेना. खरं कारण असं की, धाकट्या युवराजला त्यांनी सकाळी चोरून फोन केला होता आणि तो "बगतो" म्हणाला होता. बापाला 'बगतो' म्हणजे नाही आणि आईला 'बगतो' म्हणजे निघालाच, त्यामुळे त्या केजच्या जीपगाडीची वाट बघत होत्या.

युवराज दोन वर्षं घरी आला नव्हता. बबनराव तेव्हा सरपंचकीला उभे होते आणि एका मताने पडले. एका मताने पडलेला माणूस गावातलं प्रत्येक मत तपासतो. बबनरावांचा तपास घरातच थांबला, कारण मतदानाच्या आदल्या दिवशी युवराज विरोधी पॅनेलवाल्या भागवतच्या मोटारसायकलवर मागे बसलेला दिसला होता. "आन्ना, तुमची शपथ, तुमच्या कपबशीचंच बटन दाबलं म्या," असं पोरगं रडकुंडीला येऊन सांगत होतं. बबनरावांनी त्याची वळकटी अंगणात फेकली. युवराज चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. तेव्हापासून सरस्वतीबाईंना एकच इच्छा उरली होती, पोराने या घरात पुन्हा एकदा जेवायला बसावं.

फेरी निघाली तेव्हा आजूबाजूच्या कोपी रिकाम्या झाल्या होत्या. सूर्य तुरीच्या मागे गेला आणि ओढ्यावर पांढुरकं धुकं धरलं. ज्वारी पुरुषभर वाढलेली, वारा पडलेला. तरी मधेच कणसाचं एखादं ताट हलायचं, शेजारची ताटं मात्र हलायची नाहीत. करिष्माला ते दिसलं, पण बोलायला बंदी होती. तिने आईचा पदर धरला.

दुसऱ्या कोपऱ्यावर सरस्वतीबाईंनी किडामुंगीचा वाटा म्हणून एक उंडा खांद्यावरून मागे टाकला. तो पडल्याचा आवाज झाला. मग चावल्याचा झाला.

त्या चालू लागल्या तशी मागची पावलंही चालू लागली. त्या थांबल्या की पावलं थांबायची. तुरीच्या वाळल्या पाल्यावर दबकत, बिचकत कोणीतरी येत होतं. मागे बघायची सोय नव्हती, आणि बघायची गरजही नव्हती. बापाच्या डोळ्यांसमोर यायला घाबरून रांगेच्या शेपटाला गुपचूप उभं राहणारं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं.  त्यांनी दुसरा उंडा टाकला नाही, हात मागे करून धरला. हातावर गरम श्वास आला, ओलं नाक लागलं आणि उंडा अलगद गेला.

"सर्दी झालीया लेकराला," त्यांच्या मनात आलं.

आता ही बातमी पुढे पोचवायची कशी? सरस्वतीबाईंनी नियमातून वाट काढली. पुढून 'ओलगे ओलगे' आलं तशी त्यांनी त्याच चालीत साथ दिली, "युवराज आला गेऽऽ, मागं हाय गेऽऽ!"

करिष्मा दचकली. मंगलने नाक मुरडलं, कारण तिला मघापासून मेल्या ढोरासारखा वास येत होता, आणि दीर चाकणला गेला म्हणून एवढा वास येऊ नये असं तिचं मत होतं. अजिनाथने त्याच चालीत बातमी पुढे दिली. बबनरावांची पाठ ताठ झाली. 'ओलगे' बंद झालं.

मग बराच वेळ नुसतंच चालणं. पाच जणांची पावलं, मडक्यातल्या आंबिलीचा डुचमळ आवाज आणि सगळ्यांत मागे एकाच वेळी दोन्हीकडून वाजणारा पालापाचोळा. एकट्या युवराजला एवढे पाय कुठून आले, हा प्रश्न करिष्माला पडला आणि तिने आईचा पदर दोन्ही हातांनी धरला.

"युवराज," बबनराव एकाएकी म्हणाले. मान तशीच पुढे. आपलंच कलम आपणच मोडल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "आलास, लई बरं केलंस. तोंडाम्होरं मला बोलता येत न्हाई. मागं हायेस तवर ऐकून घे."

पावलं थांबली. सगळं रान ऐकत असल्यासारखं गप्प झालं.

"त्ये एक मत तुजं नव्हतं, बाबा. माजंच व्हतं." बबनरावांचा आवाज चिरकला. "चष्मा घरी राह्यला. मशिनीसमोर उबा राह्यलो, तर समदं धुरकट. कपबशी समजून दाबलं, आन् बोट उचलल्यावर दिवा लागला छत्रीम्होरं. म्या माजंच मत इरोधकाला दिलं. भाईर येऊन सांगावं, तर गाव दात काढंल. म्हनून तुज्यावर ढकललं. चुकलं माजं."

अजिनाथच्या हातातला तांब्या कलंडला आणि सगळं पाणी त्याच्याच पायावर गेलं. दोन वर्षं या घरात छत्री हा शब्द उच्चारायची चोरी होती, पावसाळ्यातसुद्धा सगळे घोंगडं घेऊन फिरत होते.

सरस्वतीबाईंना राग यावा की रडू, तेच कळेना. पोराने काही म्हणावं म्हणून त्या थांबल्या. त्याने काही म्हटलं नाही, नुसतं पोटरीला नाक लावलं.

"ऐकलंस न्हवं?" त्या पुटपुटल्या. "आता तूबी राग धरू नको." आणि हात मागे नेऊन त्यांनी त्याच्या डोक्यावरून फिरवला. केस राठ होते, खराट्यासारखे, आणि मानेपासून खाली पाठीकडे गेलेले. "कावून केस वाढिवलेस रं? आन् कान..." कान हाताला लागला. तो डोक्याच्या वर होता, टोकदार, आणि बोट लागताच हलला.

सरस्वतीबाई अजूनही समजून घ्यायच्या बेतात होत्या. कंपनीत पोरं काय काय करून घेतात. पण मंगलला तो वास आता सोसवेना. तिने सासरच्या चालीरीतींना मनोमन हात जोडले आणि मागे वळून बघितलं.

तिने किंकाळी मारली नाही. ती इतक्या हळू बोलली की त्यानेच सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"आत्याबाई, हात म्होरं घ्या. हळूच."

"कावून गं?"

"त्ये भावजी न्हाईत. तरस हाय. आन् त्याच्या मागं आनखी एक हाय."

पट्ट्यापट्ट्यांचं, पुढून उंच आणि मागून बसकं असं ते जनावर सरस्वतीबाईंपासून हातभर अंतरावर उभं होतं. तोंडात अर्धा उंडा. दुसरं ज्वारीच्या काठाला, धुक्यात, नुसते डोळे. पहिल्याने तोंडातला घास गिळला आणि कण्हणं आणि हसणं यांच्या मधला एक आवाज काढला. बबनरावांचं मघाचं भाषण कळल्यासारखाच तो आवाज होता.

"आन्ना," अजिनाथ कुजबुजला, "पळायचं का?"

बबनरावांनी अजूनही मागे बघितलं नव्हतं. त्यांना तरसापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती.

"म्हंजी मगापास्न म्या ह्ये समदं कुनाला सांगितलं?"

"तरसाला. आन् आमाला."

बबनराव क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. कोप अजून चाळीस पावलांवर होती. "पळू नगा," ते म्हणाले. "पळलं की मागं लागतंय. कुनीबी मागं बगायचं न्हाई. टोपली ठिवा खाली, आन् वरडा!"

ज्या पावलाला मागून दात लागतील असं वाटतं, तसली चाळीस पावलं ती पाच माणसं चालली. 'ओलगे ओलगे'ची एवढी आरोळी त्या शिवारात पूर्वी कधी उठली नसेल. करिष्मा शब्द विसरली आणि शाळेची प्रतिज्ञा म्हणू लागली. कोणी तिला अडवलं नाही. मागे टोपली उलटल्याचा आवाज झाला, मग हाडं फुटावीत तसे उंडे फुटल्याचा, मग काहीच नाही. कोपीत शिरून अजिनाथने कडब्याच्या पेंढ्या दारात लावल्या. जे जनावर हाड फोडतं त्याला कडब्याने अडवायचं, ही कल्पना कोणालाच चुकीची वाटली नाही.

सगळे धापा टाकत होते. सरस्वतीबाई मात्र पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"आये, गेलं त्ये," अजिनाथ म्हणाला. "आता कावून रडती? भ्यालीस?"

"भ्याले न्हाई रं," त्या हुंदका देत म्हणाल्या. "माज्या हातानं जेवला, असं वाटलंतं."

 बबनराव पांडवांसमोर बसून राहिले. बायकोकडे बघायची त्यांची हिंमत होईना. शेवटी ते उठले आणि कोपीच्या कुडाकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून उभे राहिले.

"करिष्मे, काकाला फोन लाव. माज्या मागं धर. म्होरं आनू नको."

फोन लागला. बबनरावांनी भडाभडा सगळं सांगितलं: चष्मा, धुरकट, छत्री, चुकलं. संपल्यावर करिष्मा बिचकत म्हणाली, "आबा, रेंज गेलती. आपन संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती, असं म्हननारी बाई व्हती."

मंगल पदराआड हसली. बबनराव कुडाकडेच बघत म्हणाले, "पुन्यांदा लाव."

तिसऱ्या वेळी त्यांची जीभ जराही अडखळली नाही. तरसासमोर घोकंपट्टी झाली होती, बाईसमोर उजळणी.  मग पलीकडून युवराजचा आवाज आला.

"आन्ना, तब्येत बरी हाय ना? कुनी धमकी दिलीया का?"

"न्हाई."

"मंग आईला द्या."

सरस्वतीबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "खरं हाय रं समदं," त्या म्हणाल्या. "आमी चौघांनी ऐकलंय. आनखी दोघं हायेत ऐकनारी, पर ती साक्षीला यायची न्हाईत. तू कवा येतूस?"

"उद्या सांजच्या जीपनं..."

ते ऐकताच बबनराव गर्रकन मागे वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पोराच्या आवाजाकडे तोंड केलं होतं, आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"सांजच्या न्हाई," ते फोनवर ओरडले. "उजेडाचा ये!"