लायलच्या बादलीतलं तीर्थ

"आता हे ऐकून तुम्ही मला थापाड्या म्हणणार!" एल्मर कुबियाकनं मिशीवरचा बिअरचा फेस पुसत जाहीर केलं. "पण दमडी न खर्चता मी माझ्या मोटरसायकलची ताकद दुप्पट केली. दुप्पट! आणि चर्चच्या टेकडीवर सख्ख्या मेहुण्याला धूळ चारली!"

शुक्रवारची संध्याकाळ होती, बारमध्ये तळलेल्या माशांचा घमघमाट होता, आणि समोर बसली होती शेजारच्या काउंटीतल्या गावाहून आलेली वांडा. रविवारी दोन्ही गावांच्या मोटरसायकली एकत्र निघायच्या होत्या. सगळ्यांच्या पुढे कोण, हे वांडा ठरवणार होती. एल्मरचा जीव त्या पुढच्या जागेत अडकला होता. वर्षानुवर्षं तो मेहुण्याचा, म्हणजे लायलचा, धूर खात मागे राहिला होता. शेजारीच बायको, मार्लिस, बसली होती. तिचं सगळं लक्ष माशातल्या काट्यांकडे आहे, याची त्यानं आधी खात्री करून घेतली.

"लायलची गाडी म्हणजे माझ्या गाडीची जुळी बहीण," एल्मर म्हणाला. "तेच वर्ष, तेच दोन सिलिंडर. पण चढ आला की माझी म्हैस बसकण मारायची आणि त्याची हरणी व्हायची! म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग एखादा नवा भाग बसवायचा," वांडा म्हणाली.

"आमच्या घरी हुकूम आहे बाई! स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय तोवर गाडीला नवा खिळासुद्धा नाही!"

मार्लिसनं मान डोलावली आणि एक काटा बाजूला ठेवला.

म्हणून एल्मरनं फुकटचे उपाय काढले. आधी सायलेन्सरला भोकं पाडली. आवाज असा झाला की अर्ध्या विस्कॉन्सिनातल्या गाईंनी पान्हा चोरला! वेग मात्र होता त्याहून कमी झाला. मग वजन उतरवलं. पुढची काच काढली, बाजूच्या पिशव्या काढल्या, शेवटी मागे बसलेल्या मार्लिसलाही उतरवलं. ती मुकाट्यानं भावाच्या गाडीवर जाऊन बसली. आणि दोघं मिळून एल्मरच्या पुढे!

"दाजी, आता तुम्हीही उतरा!" लायल जाता जाता ओरडला होता. "गाडी एकटी येईल वर!"

तेव्हापासून एल्मरला संशयानं पछाडलं. लायल पेट्रोल भरायला लागला की हा टाकीला नाक लावून वास घेई. लायल हसला की याला वाटे, का हसला? एकदा तर तो लायलच्या कुंपणाशी पोटावर पडून राहिला. मुंग्या चावल्या, पण गडी हलला नाही. आणि अखेर दिसलं! लायलनं गाडीच्या कुशीतून स्पंजासारखं काहीतरी काढलं, बादलीत बुचकळलं, पिळलं, उन्हात वाळवलं आणि पुन्हा आत सरकवलं.

"आणि बादली कुठली?" एल्मरनं आवाज खाली आणला. "निळी! चर्चची! फादर कॅसिमिर दर वसंतात सगळ्यांच्या गाड्यांवर तीर्थ शिंपडतात ना, तीच! चोर लेकाचा, गाडीला वर्षभर तीर्थ पाजत होता!"

"अहो, हवेची जाळी धूत असेल," वांडा म्हणाली. "कचऱ्यानं तुंबली की गाडीला दम लागतो. साबणाच्या पाण्यानं धुतात. मीही धुते."

"तुम्ही फार भोळ्या आहात!" एल्मर कळवळून म्हणाला. "तुम्ही लायलला ओळखत नाही!"

मग यंदा आशीर्वादाच्या सकाळी, टेकडीच्या पायथ्याशी, एल्मर रांगेत सगळ्यांत पुढे. तीर्थ थेट पोटात जावं म्हणून, इंजिनात हवा जाते तिथलं झाकणच त्यानं उघडलं. आतली जाळी कोळशासारखी काळी, त्यात उंदरानं संसार थाटलेला! असली अडगळ हवी कशाला? दिली भिरकावून!

"फादर आले. म्हणाले, एल्मर, इंजिन बंद कर. म्हटलं, चालूच राहू दे फादर, आणि हात आखडू नका! त्यांनी कुंचला बुडवला नि सपकन मारला. गाडीला एक शिंक आली. मग दुसरी. आणि मग..."

"मग?" वांडा खुर्चीच्या टोकाला आली.

एल्मरनं मार्लिसकडे हळूच पाहिलं. ती काटेच काढत होती.

"मग काय, सुटली! दावं तोडून वळू सुटावा तशी! पुढचं चाक आभाळात आणि मी शेपटीसारखा मागे लोंबतोय! माथ्यावर पोचलो, उतरलो, अर्धं सँडविच खाल्लं, तेव्हा कुठे माझ्याच गाडीचा आवाज धापा टाकत वर आला! आणि लायल? वळून पाहिलं तर खाली मोहरीएवढा ठिपका!"

वांडानं टेबलावर थाप मारली. "ठरलं मग! रविवारी सगळ्यांच्या पुढे..."

मार्लिसनं शेवटचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि बोटं पुसली.

"दोन शिंकांपर्यंत सगळं खरं आहे हो," ती वांडाला म्हणाली. "पुढचं तेवढं मलाही कळलं नाही. मी तर लायलच्या गाडीवर मागे बसले होते. तो जर मोहरीएवढा खाली राहिला होता, तर त्याच्या गाडीला बांधलेल्या दोराच्या दुसऱ्या टोकावरून 'लायल, हळू रे मर्दा, हळू!' म्हणून माझ्या पाठीमागे कोण बोंबलत होतं?"