ढब्बूचं भावंड

कुत्र्यांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. लहानपणापासून मी घरात कुत्री बघत आलोय. शेजाऱ्यांच्या घरात. त्यामुळे आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली, तेव्हा त्यांचं पुढे काय करायचं हे मीच ठरवणार, हे ओघानंच आलं.

बायकोनं मात्र जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, आठ आठवडे होईपर्यंत पिल्लाला आईपासून तोडू नका. किती चावायचं आणि कधी थांबायचं हे ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. मला हसू आलं. चावायला कोणी शिकवणी लावतं का?

शिवाय मला घाई होती. आमची कंपनी पंपांचे सुटे भाग विकते. तिथे विभागप्रमुखाची जागा रिकामी होत होती, आणि आपल्या घरी एखादं कुत्रं असावं, असं साहेब जेवताना बोलून गेले होते. पिल्लं तेव्हा पाच आठवड्यांची होती. थांबलो असतो तर हिशेब खात्यातला कोणीतरी मांजर घेऊन पोचला असता.

बायको बाजारात गेल्याची संधी साधून मी त्यातलं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू, ढब्बू, पिशवीत घातलं आणि साहेबांना नेऊन दिलं. त्यांनी वय विचारलं.

"आठ आठवडे पूर्ण," मी म्हणालो. "अगदी शास्त्राप्रमाणे."

घरी आलो तर कुत्री खोल्या हुंगत फिरत होती. शेवटी ती माझ्या रिकाम्या पिशवीवर नाक टेकून बसली. बायकोनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

त्याच आठवड्यात साहेब ऑफिसात लंगडत आले. ढब्बूनं सोफा, चपला, पेपरवाल्याची पोटरी अशी चढत्या क्रमानं प्रगती करत साहेबांचा अंगठा गाठला होता. चावताना कुठेतरी थांबायचं असतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. साहेब त्याला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दात पाहूनच त्याचं खरं वय सांगितलं.

मला केबिनमध्ये बोलावणं आलं. पिल्लू परत नेतो, असं मी आधीच म्हणून टाकलं. पण बाईसाहेबांचा त्याच्यावर जीव जडला होता, त्या सोडायला तयार नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी दुसरा उपाय दिला होता. पिल्लू जोरात चावलं की भावंडासारखं केकाटायचं आणि तोंड फिरवून बसायचं. खेळ मोडतो हे कळलं की पिल्लू सुधारतं.

"तर भावंडाचं हे काम कोणी करायचं?" साहेबांनी विचारलं.

केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो.

मग रोज ऑफिस सुटल्यावर मी साहेबांच्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसून "कुंई" करू लागलो. बाईसाहेब फार बारकाईनं सूचना देत. माझ्या केकाटण्यात त्यांना जिव्हाळा कमी वाटे. प्रगती मंद आहे असं वाटल्यावर साहेबांनी ढब्बूला ऑफिसातच आणलं, आणि केबिनचं दार लावून दुपारचाही वर्ग सुरू झाला.

बाहेर बसणाऱ्यांना एवढंच कळलं की साहेब रोज मला आत घेतात आणि मी विव्हळतो. सगळे हळहळले. अखेर कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष दहाबारा जणांना घेऊन, अन्याय सहन केला जाणार नाही असं बजावत, केबिनमध्ये घुसले. मी चारी पायांवर होतो. माझी बाही ढब्बूच्या तोंडात होती, आणि साहेब अगदी प्रेमानं म्हणत होते, "छान. आता तोंड फिरवा."

अध्यक्षांनी दार हळूच ओढून घेतलं.

विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली. साहेबांनी कारण मोकळेपणानं सांगितलं. त्या जागेवरच्या माणसाला आवाज चढवावा लागतो, आणि माझा आवाज आता सगळ्यांनी ऐकलेला आहे.

ढब्बू मात्र सुधारला. पेपरवाल्याचे हात चाटतो, पाहुण्यांपुढे शहाण्यासारखा बसतो. फक्त मी दिसलो की धावत येऊन पोटरी धरतो. बायकोबरोबर कुत्रीला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, काळजी करू नका, भावाशी मस्ती चाललीय त्याची.

हे ऐकून बायको इतक्या दिवसांनी बोलली. माझ्याशी नव्हे, डॉक्टरीणबाईंशी.

"बाकीची तिन्ही आठ आठवड्यांनी चांगल्या घरी गेली," ती म्हणाली. "आता एवढं पाचवं कोणी नेलं, की मी सुटले."