खरं बोलणारी डिस्क

"यात विशेष ते काय?" असं सासऱ्यांनी विचारलं आणि तिथेच घोळ झाला.

जावई कर्नलचा इंजिनिअर. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सगळ्या कामांवर देखरेख करणारा प्रोग्रॅम, त्यांचा मुकादम. हा पठ्ठ्या वर्षभर डिस्कच्या एका लबाडीमागे हात धुऊन लागला होता. तिला लिहायला सांगितलं की ती लगेच "लिहिलं" म्हणून मोकळी होई आणि मजकूर मागाहून, सवडीने उतरवी. तेवढ्यात वीज गेली, तर मजकूरही गेला! आता त्याने तिला वठणीवर आणलं होतं. खरोखर लिहिल्याशिवाय ती होकारच देत नसे. घरच्या कॉम्प्युटरवरही त्याने ही सुधारणा चढवली होती.

"म्हणजे वीज गेली तरी सगळं शाबूत?"

"आत्ता दाखवतो, बाबा!" म्हणत त्याने हॉलमधून आत गेलेल्या कॉम्प्युटरच्या वायरीचा प्लग उपटला. कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता आणि त्याच्यापुढे बायको बसली होती.

"माझा अध्याय!" ती धावतच बाहेर आली. ती अनुवाद करायची आणि कादंबरीच्या या शेवटच्या अध्यायासाठी प्रकाशक संध्याकाळी दारात येऊन उभा राहणार होता.

"सेव्ह केलं होतंस ना?"

"केलं होतं! पण अरे..."

"मग पण नाही नि बिण नाही. आता ती काळ्या दगडावरची रेघ!"

"अरे, ऐकशील का जरा?"

"आधी बघ, मग बोल."

त्याने प्लग लावून ऐटीत कॉम्प्युटर सुरू केला, फाइल उघडली. पान पांढरंशुभ्र होतं.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "अक्षरं कुठायत?"

"चुकून सगळा अध्याय पुसला गेला माझ्याकडून," बायको दात ओठ खात म्हणाली. "वर तू लावलेली सवय! हात आपोआप सेव्हवर गेला. नुसतं अन्डू दाबून पुसलेलं परत आणायचं राहिलं होतं. बोट ठेवलं होतं रे मी, बोट!"

वीज गेल्यावर अन्डू कुठलं? जुनी लबाड डिस्क असती तर ते कोरं पान लिहायला तिने नक्की टंगळमंगळ केली असती आणि अध्याय वाचला असता. हे जावयाच्या लक्षात आलं. त्याने ते मोठ्याने बोलूनही दाखवलं, ही त्याची दुसरी चूक.

मग बायको आठवून आठवून सांगू लागली, तो मुकाट्याने टाइप करू लागला आणि सासरे प्लगपाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काय रे, घरी घेऊन पाहणार होतास ना चाचणी?"

"घेतली, साहेब. एकदम यशस्वी! शेवटचं सेव्ह जसंच्या तसं परत आलं."

"शाब्बास! फाइलमध्ये होतं काय?"

त्याने हळूच बायकोकडे पाहिलं.

"काहीच नव्हतं, साहेब. पण त्यातलं काहीही हरवलं नाही."