पेटी पडली तेव्हा

प्राध्यापकांनी तोंड उघडलं आणि वकीलबाईंच्या काळजात धस्स झालं. माणूस विद्वान असणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण आवाज असा सायीसारखा मऊ असेल, याची कल्पना नव्हती. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. डोक्यावर पंखा संथ फिरत होता आणि खिडकीतलं ऊन मांजरासारखं कागदांच्या गठ्ठ्यावर येऊन पसरलं होतं.

ध्वनिशास्त्रात केस पांढरे केलेल्या या गृहस्थांच्या शब्दावर एकाचा जीव टांगला होता. तो एक, म्हणजे बाईंचा अशील पाववाला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. रात्रभर भट्टीसमोर पाव भाजायचे आणि दिवसा मेल्यासारखं झोपायचं, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. अशाच एका दुपारी शेजारच्या खोलीत घरमालकाचा खून झाला. झटापटीत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली कोसळली. पाववाला म्हणाला, "मी झोपलो होतो, मला काही ऐकू आलं नाही." सरकारी वकील म्हणाले, एवढा आवाज ऐकू आला नाही म्हणतो म्हणजे हा खोटं बोलतो, आणि खोटं बोलतो म्हणजे खून यानंच केला. याउपर पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. पण माणूस फासावर जायला तेवढंही पुरतं.

"तर प्राध्यापक," बाईंनी उलटतपासणीला सुरुवात केली, "त्या आवाजानं झोपलेला माणूस जागा होतोच?"

"होतोच, बाई. कुंभकर्ण असला तरी."

"छातीठोक सांगता?"

"सांगतो कशाला, दाखवतो की."

प्राध्यापक तयारीनिशी आले होते. तशीच एक पेटी, आत विटा भरून, न्यायाधीशांच्या शेजारच्या दालनात ठेवलेली होती. मधली भिंतही तेवढीच जाड. शिपाई ती टेबलावरून ढकलून देणार होता. केव्हा, ते त्याच्या मर्जीवर. "आधी सांगितलं की माणूस सावध होतो," प्राध्यापक म्हणाले. "बेसावध असताना दचकले पाहिजेत सगळे."

बाईंनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, "होऊन जाऊ द्या." शिपाई हात झटकत आत गेला.

"तोवर एवढं सांगा," काहीतरी विचारायचं म्हणून बाई म्हणाल्या, "आवाज भिंतीतून जातो कसा?"

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. प्राध्यापकांच्या आयुष्यभराच्या प्रेमालाच बाईंनी हाक मारली होती. त्यांनी डोळे मिटले.

"आवाज म्हणजे लाट, बाई. एक लाट येते, दुसरीला उठवते. दुसरी तिसरीला उठवते. भिंत आली की थोडी भिंतीत मुरते, थोडी माघारी फिरते. माघारी फिरलेली पुन्हा येते..."

वाक्यं ओव्यांसारखी एकामागून एक येत होती. एकीचं शेवटचं पाऊल उचलावं आणि तिथंच दुसरीनं आपलं पहिलं ठेवावं. टंकलेखकाची बोटं कळांवरच विसावली. सरकारी वकिलांची हनुवटी गळपट्टीत बुडाली. न्यायाधीशांनी पुसायला म्हणून चष्मा काढला, तो पुन्हा चढवलाच नाही. बाईंनी स्वतःला चिमटा काढला, पण तो दुसऱ्याच कुणा बाईला लागावा तसा लांबून लागला. मग साक्षीदाराचा पिंजरा होडी झाला. भिंती पाण्याच्या झाल्या. काळे डगले घातलेले बगळे काठाकाठानं एका पायावर उभे राहिले. बाईंची आई उशाशी बसून थोपटत होती आणि म्हणत होती, नीज गं बाळे, खुनाचं उद्या बघू.

सगळ्यांना जाग आली ती प्राध्यापकांचा आवाज थांबला म्हणून. पाळणा थांबला की मूल चाळवतं, तशी. प्राध्यापकांनी स्वतःच कठड्यावर गाल टेकला होता, तो त्यांनी हळूच उचलला. दारात शिपाई घाम पुसत उभा होता.

"साहेब, पेटी पाडली."

"कधी?" चष्मा चाचपत न्यायाधीशांनी विचारलं.

"मघाशीच की. कुणी काही बोललं नाही, म्हणून परत चढवली आणि परत पाडली. आता माझी कंबर धरलीय. आतली फरशी पण गेली."

जो तो आपापल्या कागदांत डोकं घालून बसला.

"मी ऐकला, साहेब," पिंजऱ्यातून पाववाला म्हणाला. "दोन्ही वेळा ऐकला."

बाईंनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील ताडकन उठले. "लिहून घ्या हो. आरोपीला आवाज ऐकू येतो, स्वतःच्या तोंडानं सांगतोय."

"अहो, मी जागाच होतो. पकडल्यापासून डोळ्याला डोळा लागलाय कुठं? झोपला होतात ते तुम्ही सग..."

"तू गप रे बाबा," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

न्यायाधीशांनी घसा खाकरला. "न्यायालय डोळे मिटून विचार करत होतं," ते म्हणाले.

इकडे आड, तिकडे विहीर. साहेब झोपले होते म्हणावं तर साहेब खवळणार. न म्हणावं तर पाववाला जाणार. मग बाईंना आड आणि विहीर यांच्या मधली पायवाट दिसली.

"त्याबद्दल वादच नाही, साहेब. तज्ज्ञांना मी एवढंच विचारते, की डोळे मिटून खोल विचार करणाऱ्या माणसाला हा आवाज ऐकू येतो का?"

प्राध्यापकांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून प्राध्यापकांकडे पाहिलं. 'येतो' म्हणावं, तर साहेब विचार करत नव्हते असं होत होतं.

"येईलच... असं नाही."

"आणि तुम्ही तर बोलत होता. तुम्हाला आला?"

"मी जरा विषयात गुंतलो होतो."

"बरं. मग रात्रभर भट्टीपुढं उभं राहून घरी आलेल्या, अंग टाकलेल्या माणसाला?"

"त्याला?" प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावर पुन्हा साय धरली. "त्याला कसा येणार हो, बाई."

दुसरा पुरावा नव्हताच. न्यायाधीशांनी दुपार कलायच्या आत निकाल वाचला. आरोपी निर्दोष, त्याला सोडून द्यावं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काही म्हणायचंय तुला?"

पाववाला कठड्याला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. शिपायानं त्याला हलवलं, गदागदा हलवलं, कानाशी टाळ्या वाजवल्या. शेवटी मागच्या बाकावरून त्याची बायको डोळे पुसत उठली.

"नका कष्ट घेऊ, भाऊ," ती म्हणाली. "भट्टी पेटवायची वेळ झाली की उठतील ते आपसूक. पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते मी. पण कुणी ऐकलं तर ना."