मोराचा खिसा

निकमांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. एकदा हा माणूस माझ्या कटिंगच्या टेबलावर वाकला आणि सरळ झाला, तेव्हा माझ्या डझनभर टाचण्या त्याच्या छातीवर ओळीनं चिकटल्या होत्या आणि खाली छोटी कात्री लोंबत होती. शर्टाला साध्या बटणांच्या जागी बायकांच्या पर्सला असतात तसली लोहचुंबकाची बटणं. मी टेबलाखाली शोधतेय आणि हे माझी कात्री घेऊन जिना चढायला निघाले.

"कात्री ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी ती काढली, आधी उघडमिट करून बघितली आणि म्हणाले, "हिच्यात प्ले आहे, पाती ढिली पडलीत. स्क्रू आवळून घ्या." वर चूक माझीच.

मी सातपूरला कॉलनीत राहते आणि पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. सव्वीस वर्षं झाली. निकम माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. कारखान्यात ते क्वालिटीत होते. तयार पार्ट मोजायचा, चुकला असेल तर लाल रंग फासून स्क्रॅपच्या पेटीत टाकायचा, हे तीस वर्षं केलं. रिटायर झाले, पुढं काही दिवसांनी कुठूनसं जुनं शिलाई मशीन आणलं, आणि तेव्हापासून या माणसाला काही टाकलेलं बघवतच नाही. माझ्याकडं कापून उरलेले तुकडे मी एका गोणीत भरते. रोज सकाळी निकम येतात, उजवा हात पँटच्या खिशात ठेवतात आणि डाव्या हातानं माझी गोणी उपसतात. हात कधी बाहेर काढत नाहीत. जसं काही दुकान यांच्या वडिलांचं आणि मी पगारी बाई.

"चिंध्या न्यायच्या तर पटकन न्या," असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

"चिंध्या म्हणू नका, मंदाताई. रिजेक्टसुद्धा म्हणू नका. रिवर्क म्हणा."

मग वरच्या खिशातून डाव्याच हातानं व्हर्नियर निघतो. ज्यानं लोखंड मोजायचं त्यानं हा माणूस माझं पॉपलीन मोजतो आणि प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाकतो. एवढ्यावर थांबले तर ते निकम कसले. माझ्या तयार मालाचं इन्स्पेक्शनही होतं. एकदा एक बाई ब्लाऊज घालून बघत होती, तर हे दारातून म्हणतात, "डावा खांदा चार मिलिमीटर खाली आहे."

बाई म्हणाली, "तो माझाच खांदा आहे."

"असं होय. मग रिवर्क होणार नाही," म्हणाले आणि गेले. ती बाई पुन्हा माझ्याकडं आली नाही.

त्या तुकड्यांचं ते काय करतात हे गल्लीला सांगावं लागत नाही, ते घालूनच फिरतात. शर्ट, बंडी, टोपी, खांद्यावरची पिशवी, सगळं जोडाजोडीचं. आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई निकमांच्या अंगावर कुठं ना कुठं आहे. पाठीवर जोशीबाईंचा डोहाळजेवणाचा हिरवा, कॉलरला अंगणवाडीच्या बाईंचा ठिपक्यांचा. पलीकडच्या दोघी जावा सहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांना यांनी एका बाहीत शेजारी बसवलंय, वर दुहेरी टीप मारून. एकीच्या नवऱ्यानं मला येऊन विचारलं, आमच्या हिचं कापड या माणसाच्या अंगावर का म्हणून. काय सांगणार?

हसणारे हसत होते, तोवर ठीक होतं. पण मग एक दिवस माझ्या नावावर आलं.

सायखेड्याच्या विमलबाई म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. मोठं शेतीवाडीचं घर, आणि त्यांच्या शब्दावर त्या बाजूच्या निम्म्या बायका माझ्याकडं येतात. त्याआधी महिनाभर मी त्यांच्या पैठणीचा ब्लाऊज शिवला होता. कापड अपुरं होतं. पाठीच्या आतल्या पट्टीला मला दुसरा तुकडा जोडावा लागला आणि तसं मी त्यांना सांगितलंही. त्या दिवशी विमलबाई मुलाच्या लग्नाचे अकरा ब्लाऊजपीस पिशवीत घालून आल्या. मी माप लिहून घेत होते, तेवढ्यात निकम आले. उजवा हात खिशात, आणि छातीवरच्या खिशावर जांभळ्या काठातला मोर.

विमलबाईंनी चष्मा लावला, पुढं होऊन बघितलं.

"मंदाताई, हा मोर माझा हाय."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"कापड पुरलं नाय म्हणला व्हता ना तुम्ही? ह्यांच्या खिशाला बरं पुरलं."

शिंप्याला एक वेळ शिवी द्या, पण कापड मारलं म्हणू नका. बोटभर कापड मी कधी कुणाचं ठेवलेलं नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की बाई, मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, कापताना चंद्रकोरीसारखे तुकडे उरतात, त्यांची सरळ पट्टी निघत नाही, ते गोणीत गेले आणि यांनी गोणीतून उचलले.

"मग आणा ना ते तुकडे," विमलबाई म्हणाल्या. "समोर जोडून बघू. पट्टी बसत नसंल तर मी तुमच्या पाया पडते. बसत असंल तर ही पिशवी मी परत नेते, आन् का नेली ते सायखेड्यात सांगते बी."

बोलणं रास्त होतं. माझ्या कात्रीवर माझा भरवसा होता. मी निकमांना म्हटलं, जा, बाकीचे तुकडे घेऊन या.

"हा खिसा उसवून घ्या," ते म्हणाले. "बाकीचे नाहीत."

"नाहीत म्हणजे? खाल्ले?"

ते जिना चढायला लागले. माझं डोकं फिरलं. गळ्यात टेप तशीच, मी त्यांच्या मागं गेले.

निकमकाकूंना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवं अंग गेलं. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्या शहाळी घेऊन जाऊन आलो. खाटेजवळ उभं राहून प्रत्येकीनं म्हटलं, अरेरे, कशी होती बाई आणि काय होऊन बसलं. मीही म्हटलं. त्या ऐकत होत्या. त्यानंतर कुणी गेलं नाही. मी बरोबर खाली राहते आणि अठरा पायऱ्या मला चढवल्या नाहीत.

काकू खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. अंगात पुढून उघडणारा ब्लाऊज, सगळा तुकड्यांचा, आणि उजव्या बाहीवर दोन मोर. रागात होते तरी मी शिवणारी बाई आहे, माझी नजर आधी मुंढ्यावर गेली. लुळा हात न दुखता आत जावा म्हणून मुंढा इतका बेतून सैल केला होता की मला जमला नसता.

"नवीन कापड आणलं की ही ओरडते," निकम भिंतीकडं बघत म्हणाले. "मी आता कुठं मिरवणार, कशाला वाया घालवता, म्हणते. उरलेल्याचं आहे म्हटलं की घालते. रंगांची हौस तर पहिल्यापासून."

"आणि ही लोहचुंबकं?"

"तिला एका हातानं लावता आली पाहिजेत. आधी माझ्या शर्टाला लावतो. उजवा हात खिशात ठेवून आठ दिवस वापरून बघतो. जमलं तर मग हिला. माझं सगळं ट्रायल असतं."

"मग हे सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?" मी ओरडलेच. "गल्ली तुम्हाला वेडं म्हणते. आणि तिकडं खाली खुर्चीत एक बाई मला चोर ठरवून बसलीय."

काकूंना सगळं कळलं. त्यांनी डावा हात वर नेला आणि टक, टक, टक, टक, चारी बटणं उघडली. मग त्याच हातानं बाही सोडवली, लुळा हात हळूच बाहेर काढला, आणि नुसत्या आतल्या साध्या बॉडीवर, तशाच बसून, तो ब्लाऊज माझ्यापुढं धरला.

"घे, मंदे," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण कळत होते. "तुझं नाव जाईल."

निकमांनी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. ते बटणांकडंच बघत होते. "बघितलंत?" म्हणाले. "कुणी हात लावला नाही."

बाही मी उलटी करून बघितली. दोन्ही तुकडे चंद्रकोरीचे, मी सांगितले होते तसेच. दोन मिनिटांत उसवले असते, खाली नेऊन जोडले असते आणि विमलबाई माझ्या पाया पडल्या असत्या. मी ब्लाऊज काकूंच्या मांडीवर ठेवला आणि घालायला मदत करावी म्हणून वाकले, तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात झटकला आणि स्वतःच घातला.

"कुणाला वर पाठवू नको," त्या म्हणाल्या. "येतात आणि बघत बसतात."

मी खाली आले. विमलबाईंनी विचारलं, "आणले?"

"नाही."

"देत नाय का तो? थांबा, मीच जाते वर." आणि त्या खरोखर उठल्या, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी आडवी झाले. "वर जायचं कारण नाही. त्यांनी काही केलेलं नाही. तुमचं कापड पुरत होतं. मीच काढून ठेवलं आणि मीच त्यांना दिलं."

विमलबाईंनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुम्ही असं करसाल असं वाटलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या, पिशवी उचलली आणि रिक्षा थांबवून गेल्या. सायखेड्याचं त्यानंतर कुणी आलेलं नाही.

निकम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. आभार नाहीत, काही नाही. मशीनवरचा ब्लाऊज उचलून बघितला आणि टीप तिरकी आहे म्हणाले. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"हिनं तुम्हाला चहाला बोलावलंय," मग ते म्हणाले. "बघायला नको म्हणाली. चहाला या."

राग गेला नव्हता. मशीन बंद केलं आणि गेले.